दोनशे मैलांचा दावा आणि दुसरं दफ्तर : आय. एफ. स्टोन यांच्या एका बातमीचा प्रकरण अभ्यास

मार्च १९५८च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने एक प्रसिद्धीपत्रक काढलं. आदल्या सप्टेंबरात नेवाडात जमिनीखाली केलेल्या अणुस्फोटाचे हादरे २०० मैलांपलीकडे कुठेही टिपले गेले नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. काही दिवसांतच आयोगावर दुरुस्ती काढायची पाळी आली. हादरे थेट अलास्कात, सुमारे २,३०० मैलांवर टिपले गेले होते. आयोगाला हे कबूल करायला लावणारा पत्रकार कोणत्याही मोठ्या दैनिकात नव्हता. वॉशिंग्टनमधल्या राहत्या घरातून तो चार पानांचं साप्ताहिक काढायचा. बातमीदार, संपादक आणि मुद्रितशोधक तोच. वर्गणी, पत्ते आणि हिशेब बायको एस्थर सांभाळायची.

ही बातमी शोधपत्रकारितेच्या वर्गात नेहमी सांगितली जाते, पण बहुतेकदा चुकीच्या कारणासाठी. ‘एकटा पत्रकार विरुद्ध सरकार’ असा पोवाडा गायला जातो. प्रत्यक्षात स्टोन यांनी सरकारच्या एका खात्याला दुसऱ्या खात्याकडून उत्तर मिळवून दिलं. ना गुप्त कागद फुटला, ना कोणी आतला माणूस बोलला. कामाची गोष्ट तीच आहे, कारण ती पुन्हा करता येते.

आधी माणूस. इसिडोर फाइनस्टीन, म्हणजे पुढचे आय. एफ. स्टोन, यांचा जन्म २४ डिसेंबर १९०७चा, फिलाडेल्फियातला. चौदाव्या वर्षी स्वतःचा छोटा अंक काढला, कॉलेज अर्धवट सोडलं, ‘न्यूयॉर्क पोस्ट’मध्ये अग्रलेख लिहिले, ‘द नेशन’साठी वॉशिंग्टन सांभाळलं आणि मग ‘पीएम’ या डाव्या वळणाच्या दैनिकात गेले. ‘पीएम’ १९४८मध्ये बंद पडलं. त्याच्या जागी आलेलं ‘स्टार’ वर्षभरही टिकलं नाही आणि त्यानंतरचं ‘डेली कम्पास’ नोव्हेंबर १९५२मध्ये मिटलं. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांमागे लागणाऱ्या सेनेटर मॅकार्थीचा जोर होता. पंचेचाळिशीला टेकलेल्या, डावा शिक्का बसलेल्या आणि कानांनी अधू असलेल्या या बातमीदाराला नोकरी कोण देणार? १९४१मध्ये नॅशनल प्रेस क्लबात त्यांनी जेवायला नेलेल्या कृष्णवर्णीय न्यायाधीशाला वाढायला नकार मिळाला, तेव्हा त्यांनी सदस्यत्व सोडलं होतं. त्यामुळे क्लबातल्या गप्पांतून मिळणाऱ्या बातम्याही बंद होत्या.

१७ जानेवारी १९५३ला ‘आय. एफ. स्टोन्स वीकली’चा पहिला अंक निघाला. भांडवल म्हणजे ‘कम्पास’कडून मिळालेले नोकरी सुटतानाचे ३,५०० डॉलर आणि एका मित्राने बिनव्याजी दिलेले ३,००० डॉलर. खरी पुंजी वेगळीच होती. बंद पडलेल्या त्या तीन दैनिकांच्या वर्गणीदारांच्या पत्त्यांच्या याद्या त्यांनी मिळवल्या आणि अंक छापण्याआधीच त्या पत्त्यांवर पत्रं टाकली. ५,३०० जणांनी वर्षाचे पाच डॉलर आगाऊ पाठवले. साडेसव्वीस हजार डॉलर, आणि तेही छपाईआधी हातात. टपाल खात्याचा नियतकालिकांसाठीचा सवलतीचा दर मिळाल्यामुळे अंक पाठवण्याचा खर्च नगण्य झाला. जाहिराती नाहीत, कचेरी नाही, नोकर जवळपास नाहीत. वर्गणी पुढची १९ वर्षं पाचच डॉलर राहिली. स्वतंत्र पत्रकारितेबद्दल भाषणं पुष्कळ होतात. हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. ज्याचा महिना वर्गणीवर भागतो, त्याला कोणाच्याही पत्रकार परिषदेचं आमंत्रण लागत नाही.

आता पद्धत. ऐकू कमी येत असल्याने स्टोन पत्रकार परिषदा आणि सुनावण्यांत बसण्याऐवजी त्यांचं छापील इतिवृत्त वाचत. ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’ (अमेरिकी संसदेच्या कामकाजाची छापील नोंद), समित्यांच्या साक्षी, खात्यांचे अहवाल, परिशिष्टं आणि रोज गठ्ठाभर वर्तमानपत्रं. यामागे नाइलाजही होता. अशा काळात डाव्या माणसाच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून त्यांनी अंकाची मांडणी मुद्दाम सौम्य ठेवली आणि प्रत्येक दावा सरकारच्याच छापील शब्दांवर उभा केला. भडक मथळा देणं सोपं होतं, पण चौकटीत अधिकृत अवतरण टाकलं की वाचकाला वाद घालायचा तर सरकारशीच घालावा लागे.

मूळ घटना १९ सप्टेंबर १९५७ची. नेवाडा चाचणी क्षेत्रात रेनियर मेसा नावाचं पठार आहे. त्यात बोगदा खणून १.७ किलोटनाचा स्फोट करण्यात आला. जमिनीखाली पूर्ण बंदिस्त केलेली अमेरिकेची ही पहिली अणुचाचणी. हिरोशिमाच्या बॉम्बच्या मानाने ती साधारण नवव्या हिश्श्याची, पण तिचं राजकीय वजन मोठं होतं. त्या वर्षी लंडनमध्ये निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी चालू होत्या आणि अमेरिकेच्या बाजूने हॅरल्ड स्टॅसन बसले होते. चाचणीबंदीचे विरोधक, त्यांत अण्वस्त्रशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर आणि आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस, यांचा मुद्दा असा की रशिया जमिनीखाली गुपचूप स्फोट करील आणि आपल्याला पत्ता लागणार नाही. म्हणजे रेनियरचे हादरे दूरवर पोचले नाहीत, तर बंदीची कल्पनाच निकालात निघते.

दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये चाचणी अपेक्षेप्रमाणे झाल्याची बातमी आली. हादरे लांबवर जाणवले नाहीत, असा तिचा सूर होता. स्टोन यांच्या घरी आलेल्या आवृत्तीत तिच्या शेवटी दोन ओळींचं शेपूट जोडलेलं होतं. टोरांटोहून पाठवलेल्या त्या ओळी म्हणत होत्या की तिथे हादरा नोंदला गेला. अशी शेपटं रात्रपाळीचा उपसंपादक तारेवर आलेलं काही वाया जाऊ नये म्हणून जोडतो आणि मुख्य बातमी लिहिणाऱ्याने ती पाहिलेलीही नसतात. वरचं विधान आणि खालची ओळ एकमेकांना छेद देताहेत हे त्या घाईत कोणाच्या लक्षात येत नाही. स्टोन गावात जाऊन बाहेरगावची वर्तमानपत्रं ठेवणाऱ्या दुकानातून नंतरची शहर आवृत्ती घेऊन आले. त्यात आणखी दोन शेपटं निघाली, रोम आणि टोकियोची.

इथे बातमी छापली असती तर ती पडली असती. तीन परदेशी तारा, एकीचीही शहानिशा नाही. भूकंपशास्त्राची स्टोन यांना माहिती नव्हती आणि रोम-टोकियोला तारा करून विचारायला पैसे नव्हते. त्यांनी कात्रणं तारीख घालून तळघरात ठेवून दिली. प्रकरणाचा निम्मा भार या कृतीवर आहे. कात्रण ठेवताना त्यावर विषय न लिहिता प्रश्न लिहावा. ‘अणुचाचणी’ अशा पाकिटातलं कात्रण सहा महिन्यांनी सापडत नाही. ‘हादरे किती लांब पोचले?’ असं लिहिलेलं सापडतं.

फेब्रुवारी १९५८च्या अखेरीस सेनेटर हम्फ्री यांच्या निःशस्त्रीकरण उपसमितीपुढे स्टॅसन यांची साक्ष झाली. चोरून केलेल्या स्फोटांचे हादरे टिपणारी स्थानकं हजार-हजार किलोमीटरांच्या अंतराने उभारण्याच्या प्रस्तावाबाबत रशियाशी बोलणी जुळत आली होती, असा तिचा आशय होता. त्यानंतर लगेचच आयोगाचं ‘२०० मैलां’चं पत्रक आलं. हे दोन कागद एकत्र ठेवले की आकड्याचा अर्थ उलगडतो. २०० मैल म्हणजे साधारण ३२० किलोमीटर. स्थानकांमधलं अंतर हजारावरून तेवढ्यावर आणायचं म्हटलं की ते एक-तृतीयांशाच्या आसपास येतं आणि तेवढ्याच भूभागासाठी स्थानकं ढोबळ हिशेबाने नऊ-दहापट लागतात. रशिया आपल्या भूमीवर इतकी परकी स्थानकं कधीच बसू देणार नव्हता. भूकंपशास्त्राच्या आकड्याच्या आडून वाटाघाटीवरच घाव घातला जात होता.

स्टोन यांनी तळघरातली कात्रणं काढली. पुढचा प्रश्न त्यांनी असा घातला: जमीन हलल्याची नोंद ठेवणं हे पगारी काम कोणाचं? उत्तर होतं वाणिज्य खात्याखालचं कोस्ट अँड जिओडेटिक सर्व्हे. त्याचं काम भूकंपाच्या नोंदी ठेवणं आणि त्या छापणं. त्याला चाचणीबंदी हवी की नको याच्याशी देणंघेणं नव्हतं. खोटं बोलायला कारण नसलेलं आणि तीच घटना आपल्या कामाचा भाग म्हणून मोजणारं कार्यालय. याला आपण दुसरं दफ्तर म्हणू.

ते गाडी काढून तिथे गेले. फोन केला नाही, कारण अनोळखी पत्रकाराच्या फोनला सरकारी कार्यालय एकच उत्तर देतं: जनसंपर्क विभागाशी बोला. तिथल्या शास्त्रज्ञांकडे कित्येक वर्षांत पत्रकार फिरकला नव्हता. बायबलातल्या महापुरात नोहाची नौका डोंगराला लागली त्यानंतरचा पहिलाच मी, अशी थट्टा स्टोन पुढे करत. त्यांनी कात्रणं समोर ठेवली. शास्त्रज्ञांनी रोम आणि टोकियो उडवून लावलं, त्या नोंदींवर त्यांचा विश्वास बसेना. पण अमेरिका आणि कॅनडातल्या १९ स्थानकांची यादी त्यांच्याकडे तयार होती. पूर्वेला सुमारे १,२०० मैलांवरचं अर्कान्सामधलं फेएटव्हिल आणि उत्तरेला अलास्कातलं फेअरबँक्स, दोन्ही त्यात होती.

ज्या तीन शेपटांमुळे शोध सुरू झाला, त्यांतली दोन तज्ज्ञांनी बाद केली तरी बातमी आधीपेक्षा भक्कम झाली, कारण आता हातात स्थानकांची नावं, अंतरं आणि देणारं सरकारी खातं होतं. अनेक चांगल्या बातम्या इथे घसरतात. पत्रकाराचा आपल्या पहिल्या धाग्यावर जीव जडलेला असतो आणि टोकियोचा मथळा मोठा दिसतो म्हणून तो तज्ज्ञाचा नकार शेवटच्या परिच्छेदात ढकलतो. मग समोरचा पक्ष टोकियो खोडून काढतो आणि त्याबरोबर फेअरबँक्सही बुडतं.

क्रमही बघण्यासारखा आहे. आयोगाला फोन सगळ्यांत शेवटी गेला. आधी केला असता तर आयोगाने सर्व्हेला विचारलं असतं, तिथे एखाद्या वरिष्ठाने ‘सध्या बोलू नका’ म्हटलं असतं आणि यादी कायमची कपाटात गेली असती. यादी हातात आल्यावर मात्र आरोप असलेल्या खात्याला विचारणं टाळायचं नसतं. आयोगाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने पहिला प्रश्न केला तो ‘ही माहिती कुठून मिळाली?’ असा. माहिती खोटी आहे, असं तो म्हणाला नाही. मुरलेल्या बातमीदाराला एवढ्यावरून पुढचं कळतं. नंतर आयोगाचं उत्तर आलं ते नेवाडाहून टेलिप्रिंटरवर काहीतरी येत असल्याचं. आणि मग दुरुस्ती.

आयोगाने दुरुस्ती स्वतःच जाहीर केल्यामुळे दैनिकांनी ती आयोगाच्या नावाने छापली. साप्ताहिकाचं हे जुनं दुखणं आहे. खुलासा मागितला की बातमी आपली राहत नाही, आणि न मागता छापली की अन्यायाची होते. स्टोन यांनी आपल्या अंकात सगळा घटनाक्रम तारखांसह मांडला: कोणत्या दिवशी काय म्हटलं, कोणत्या दिवशी काय बदललं. दैनिकांत सुटी दुरुस्ती आली. खोटं कसं निघालं आणि कोणत्या वेळेला निघालं, हे मात्र वीकलीतच वाचायला मिळालं.

फळ किती मिळालं, हे फुगवून सांगू नये. त्या उन्हाळ्यात जिनिव्हात पूर्व आणि पश्चिमेच्या तज्ज्ञांची परिषद बसली आणि तिने जगभर १६० ते १७० भूस्थानकं व दहा जहाजं असा आराखडा सुचवला. ३१ ऑक्टोबरपासून चाचण्या काही काळ थांबल्याही. पण १९६३चा करार झाला तेव्हा हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी आली, भूमिगत चाचण्या मात्र मोकळ्या राहिल्या. एका बातमीने धोरण बदललं नाही. एक खोटा आकडा सरकारी नोंदीत पक्का होण्याआधी काढला गेला, एवढंच, आणि तेही पुष्कळ.

बाकीच्यांना हे का दिसलं नाही? वॉशिंग्टनमध्ये हुशार पत्रकारांची वाण नव्हती. आयोग एकाच्या बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या क्षेत्रात, निःशस्त्रीकरण परराष्ट्र खातं बघणाऱ्याकडे, भूकंप कोणाकडेच नाही. आयोग सांभाळणाऱ्याला उद्याही त्याच प्रसिद्धी अधिकाऱ्याकडून माहिती घ्यायची असते. सप्टेंबरच्या रात्रीच्या आवृत्तीची शेपटं मार्चमध्ये आठवायला कात्रणं स्वतःची असावी लागतात, ग्रंथपालाच्या भरवशावर ठेवून चालत नाही. स्टोन यांना बीट नव्हती, म्हणून तिन्ही कागद एकाच टेबलावर आले.

सात वर्षांनी तीच रीत त्यांनी व्हिएतनामच्या बाबतीत वापरली. २७ फेब्रुवारी १९६५ला परराष्ट्र खात्याने श्वेतपत्रिका काढली: दक्षिणेतलं बंड ही मुळात उत्तरेची स्वारी आहे. शस्त्रंही बाहेरून येतात, याचा पुरावा परिशिष्टात, पकडलेल्या शस्त्रांच्या यादीत. स्टोन यांनी ती यादी ओळ न ओळ बेरीज करत वाचली. सोव्हिएत आणि चेक बनावटीच्या ७२ रायफली, शिवाय ६४ सबमशीनगन, १५ कार्बाइन, ८ मशीनगन, ५ पिस्तुलं, ४ उखळी तोफा. पुढची किरकोळ धरून एकूण १७९. काळ दीड वर्षाचा. मग त्यांनी पेंटॅगॉनकडून, म्हणजे संरक्षण खात्याकडून, वेगळा आकडा मागवला. तीन वर्षांत गनिमांकडून एकूण १५,१०० शस्त्रं हस्तगत झाली होती आणि गनिमांनी उलट २७,४०० पळवली होती. दीड वर्षाला निम्मी, म्हणजे साडेसात हजार धरली, तर बाहेरची शस्त्रं अडीच टक्क्यांहूनही कमी. गनीम मुख्यतः अमेरिकेनेच पुरवलेल्या बंदुकांनी लढत होते. हे ८ मार्च १९६५च्या अंकात आलं, आणि त्याच दिवशी अमेरिकी मरीन सैनिक दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले.

महाराष्ट्राला या रीतीचं उदाहरण परकं नाही. २०११-१२च्या आर्थिक पाहणीत दशकभरात सिंचित क्षेत्राचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचं आलं आणि ७०,००० कोटींच्या खर्चावरून राजकारण पेटलं. पाहणीतलं ते कोष्टक जलसंपदा खात्याच्या दाव्यांशी जुळत नव्हतं. पुढे श्वेतपत्रिका आली, मोजणीच्या व्याख्येवर वाद झाला आणि तो वाद अगदीच पोकळ नव्हता: पाणी पोचण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेलं रान या दोन वेगळ्या गोष्टी. दोन दफ्तरांचे आकडे शेजारी ठेवताना दोघं एकच वस्तू मोजताहेत का, हे आधी पाहावं लागतं. रेनियरला ती अडचण आली नाही, कारण हादरा एकच होता.

स्टोन यांची मोठी चूक याच जागी झाली. कोरियन युद्धावर त्यांनी १९५२मध्ये पुस्तक लिहिलं. रीत तीच: जाहीर निवेदनं, वृत्तपत्रं आणि त्यांतल्या विसंगती. अमेरिकी सेनापती जनरल मॅकार्थर यांच्या कचेरीच्या पत्रकांतली थापेबाजी त्यांनी चांगली उघडी पाडली, पण त्यावरून युद्धाची सुरुवात दक्षिण कोरियाच्या आणि तिच्या पाठीराख्यांच्या चिथावणीने झाली, असा कल त्यांनी वाचकापुढे ठेवला. एक पक्ष खोटं बोलतो हे सिद्ध झालं म्हणून दुसरा पक्ष निर्दोष ठरत नाही. इथे दुसरं दफ्तर मॉस्को आणि प्योंगयांगमध्ये होतं आणि ते बंद होतं. १९९०च्या दशकात सोव्हिएत कागद उघडले तेव्हा उत्तर कोरियाचे नेते किम इल-सुंग यांच्या चढाईला स्टालिनची संमती होती, हे स्पष्ट झालं. एकाच बाजूचे कागद कितीही बारकाईने वाचले तरी त्यांतून त्या बाजूबद्दलच कळतं. वाचणाऱ्याचा आपल्या हातोटीवर जितका विश्वास, तितका हा खड्डा दिसेनासा होतो.

१९५६मध्ये ते स्वतः मॉस्कोला जाऊन आले आणि परतल्यावर स्वच्छ लिहिलं की हा समाज चांगला नाही आणि त्याचं नेतृत्व प्रामाणिक नाही. काहीशे वर्गणीदार तेवढ्यावरून सुटले. पाच डॉलरांच्या वर्गणीवर घर चालवणाऱ्याला तो फटका लहान नव्हता, आणि वाचकांच्या जिवावर चालणाऱ्या प्रत्येक अंकाला तो कधीतरी बसतोच: जाहिरातदार नसला की धाक वाचकांचा असतो. त्यांच्या मृत्यूनंतर १९३०च्या दशकातल्या सोव्हिएत हेरखात्याशी असलेल्या कथित संबंधांवरून वाद झाला. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. एफबीआयने मात्र त्यांच्यावर वर्षानुवर्षं पाळत ठेवली होती.

साप्ताहिक पुढे पाक्षिक झालं आणि प्रकृतीमुळे डिसेंबर १९७१मध्ये त्यांनी ते बंद केलं. तेव्हा वर्गणीदार सत्तर हजारांच्या घरात होते. त्यानंतर स्टोन प्राचीन ग्रीक शिकायला बसले, कारण सॉक्रेटिसच्या खटल्याबद्दल त्यांना भाषांतरांवर विसंबून लिहायचं नव्हतं.